सोनार या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमबरोबर येणारे पेंटागॉन, डायमेन्शन प्रो हे सिंथ (कॉम्प्युटरमध्ये वाजणारी वाद्यं) आता नाहीत. जुने प्रोजेक्ट पुन्हा कसे वाजवायचे?

आधी एक हरकत. तुम्ही लिहिलंय, ‘सोनारबरोबर फुकट आलेले सिंथ होते, नव्या कॉम्प्युटरवर ते नाहीत आणि जुन्या गाण्यांमधले निम्मे ट्रॅक मुके झालेत.’ फुकट कसले? सोनारची प्रोड्युसर आवृत्ती घेताना जे पैसे मोजले त्यात त्यांचेही पैसे होतेच. पण तेव्हापासून हा शब्द चिकटला तो चिकटलाच. ज्याच्या घरी कॉर्ग ट्रायटन कीबोर्ड तो अरेंजर, आणि माऊसने पेंटागॉनची बटणं फिरवणारा म्हणजे हौशी पोरगा, अशी सरळ वाटणी होती. पेंटागॉन ज्यांनी बनवला ते आरजीसी ऑडिओचे रेने सेबायोस. झेटाप्लस हा सिंथ त्यांचाच, पुढे सोनार बनवणाऱ्या केकवॉक कंपनीत गेल्यावर डायमेन्शन आणि रॅप्चरही त्यांचेच, आणि आज जगभर फुकट सॅम्पल, म्हणजे वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, ज्या एसएफझी नावाच्या फाइलच्या साच्यात वाटले जातात तो साचाही त्यांच्याकडूनच आला. अशा माणसाच्या कामाला ‘बरोबर आलेलं’ म्हणून हिणवणाऱ्यांनी त्यातले तयार आवाज सोडून एकही बटण कधी फिरवलं नव्हतं, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

आता सिंथ गेले कुठे. २०१३ मध्ये रोलंडकडून केकवॉक गिब्सनकडे गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने काम थांबवल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये बॅन्डलॅब या कंपनीने ती घेतली आणि एप्रिलपासून सोनारचा मूळ प्रोग्रॅम केकवॉक याच नावाने फुकट वाटायला सुरुवात केली. सगळे खूश. पण त्या फुकट पुडक्यात डायमेन्शन प्रो नव्हता, रॅप्चर नव्हता, झेटाप्लस नव्हता. टीटीएस-१ हा सिंथ मात्र राहिला. गाणं उघडतं, पट्ट्या दिसतात, मिडीचे, म्हणजे सुरांच्या नोंदींचे, ठिपके पळतात, आवाज नाही. तुमचं जे झालंय ते हेच.

हे मला इतकं नेमकं माहीत असण्याचं कारण एक गौळण आहे.

आषाढीच्या तोंडावर कोल्हापुरात आम्ही भक्तिगीतांची एक सीडी केली होती, सोनार ८ च्या काळात. गौळणीच्या मागे पखवाज, टाळ, बासरी खरी वाजवून घेतली आणि खाली पेंटागॉनचा एक पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारा मऊ आवाज, धरला. पॅड असा की गाणं चालू असताना तो आहे हे कळू नये, काढला की मात्र गाणं उघडं पडावं. मिक्स झाल्यावर मी स्टुडिओच्या मालकांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सांगितलं की प्रत्येक सिंथचा ट्रॅक वेगळा वेव्ह, म्हणजे तयार आवाजाची फाइल, करून ठेवू या. अण्णा भडकले. ‘आरं, मिडी हाय न्हवं? मिडी असल्यावर वेव्ह कशाला? हार्डडिस्क काय झाडाला लागत्यात व्हय?’

त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला स्टिरिओ आवाजाचं एक मिनिट म्हणजे जवळपास १६ एमबी. पाच मिनिटांचं गाणं, वीस ट्रॅक, की दीड जीबीच्या वर गेलं. आठ गाण्यांची सीडी धरली तर तेव्हाच्या डिस्कला ते जड जायचं. मिडीची फाइल मात्र काही केबीत मावायची. म्हणून गायिकेचा आवाज आणि खरी वाद्यं तेवढी राहिली, बाकी सगळं ‘मिडी हाय न्हवं’.

गेल्या वर्षी त्या गायिकेला त्याच गौळणीचा मायनस ट्रॅक, म्हणजे गायनाशिवाय नुसती साथ, हवा होता. त्या आता मंडळांचे कार्यक्रम करतात, सगळे वादक बरोबर नेणं परवडत नाही. अण्णांचा जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेलेला. नव्यावर प्रोजेक्ट उघडलं तर पखवाज, टाळ, बासरी व्यवस्थित, आणि पॅड व बेसच्या जागी शुकशुकाट. मला फोन. ‘तुझं ते सिंथ कुठं गेलं रं?’ जणू मीच खिशात घालून नेला होता.

माझी एक सवय आहे, तिच्यावरून त्याच स्टुडिओत माझी भरपूर टिंगल झालेली आहे. सिंथवर काही जमलं की मी वहीत उतरवतो. एका आवाजाला एक पान. त्या पानावर होतं: ‘गौळण, पॅड. ऑसिलेटर १ सॉ. २ सॉ, ७ सेंट वर. ३ स्क्वेअर, एक सप्तक खाली, आवाज निम्मा. लो-पास, कटऑफ ९ वाजता, रेझोनन्स बंद. अटॅक लांब, समेवर भरला पाहिजे.’ खाली पेन्सिलीने, ‘अंतऱ्यात कटऑफ हळूहळू ११ पर्यंत.’ ऑसिलेटर म्हणजे मूळ सूर काढणारा भाग, सॉ आणि स्क्वेअर हे त्याचे लहरींचे आकार, कटऑफ म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज कुठून कापायचा ते, आणि अटॅक म्हणजे आवाज भरायला लागणारा वेळ. नऊ वाजता म्हणजे बटणाचा काटा घड्याळात जिथे नऊ असतात तिथे, हे तुम्हाला सांगायला नको.

ते पान समोर ठेवून सर्ज एक्सटी या फुकट सिंथमध्ये आवाज बांधला. सीडीवर सुरुवातीला पॅड एकटाच वाजतो, तो दोन आवर्तनांचा तुकडा लूपला लावला आणि इकडचं-तिकडचं ऐकत बसलो. सूर लगेच जुळला. कोरस, म्हणजे आवाज दाट करणारा इफेक्ट, जुळेना. पेंटागॉनचा कोरस जरा पाणीदार होता, सर्जचा त्याहून स्वच्छ, म्हणून कोरसचा वेग कमी केला आणि खोली वाढवली. नवा आवाज २०० हर्ट्झच्या आसपास जाड वाटत होता, तिथे थोडा कापला. अंतऱ्यातला कटऑफ हाताने फिरवत रेकॉर्ड केला, कारण सरळ रेघ ओढली की ती रेघ ऐकू येते. बाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘हाच तो.’

आणि अण्णा काय म्हणाले? ‘बघ, मिडी ठेवली हुती म्हणून जमलं.’

तर अण्णा आणि त्यांच्यासारखे बाकीचे सगळे, नीट ऐका. मिडीत कुठला सूर, कधी, किती जोरात, किती वेळ अशा सूचनाच असतात. आवाज मिडीत नसतो. आवाज सिंथमध्ये असतो, आणि सिंथ कंपनीच्या मर्जीवर असतो. त्या गाण्याचा आवाज वाचला तो माझ्या वहीत होता म्हणून. वेव्ह ठेवली असती तर वहीचीही गरज पडली नसती, पाच मिनिटांत मायनस ट्रॅक देऊन मोकळे झालो असतो.

हे फक्त केकवॉकवाल्यांचं दुखणं नाही. क्युबेस, लॉजिक, रीझन हेही असेच प्रोग्रॅम. क्युबेसवाल्यांनी हसू नये. क्युबेस एसएक्सबरोबर वाल्डॉर्फने बनवलेला ए१ यायचा, फार गोड सिंथ. २०१६ च्या क्युबेस ९ ने जुन्या ३२ बिटचे सगळे प्लगिन, म्हणजे असे जोडून चालणारे सिंथ आणि इफेक्ट, एका दमात बाहेर काढले. लॉजिकवाल्यांचं तर विचारूच नका, जुलै २००२ मध्ये ॲपलने लॉजिक बनवणारी इमॅजिक कंपनी घेतली आणि विंडोजवरचं अख्खं लॉजिकच बंद झालं, आतल्या सिंथसकट. जुनं सांभाळलं म्हणावं तर रीझनने. २००० साली आलेला सबट्रॅक्टर सिंथ त्यात आजही आहे. म्हणजे मनात असलं तर जमतं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्याकडे जुन्या सोनारची डिस्क किंवा सिरियल नंबर असेल तर आधी तो जुना सोनार टाका आणि मग त्याच कॉम्प्युटरवर नवा. नव्याला जुन्याचे सिंथ दिसतात. केकवॉकचं जुनं खातं उघडत असेल तर इन्स्टॉलर आजच उतरवून घ्या, उद्यावर टाकू नका. डायमेन्शन प्रोचे सॅम्पल जुन्या डिस्कवर सापडले तर त्यातल्या एसएफझी फाइली प्लोग कंपनीच्या सफोर्झान्दो या सॅम्पल वाजवणाऱ्या प्लगिनमध्ये उघडा, तो फुकट आहे. वाद्याचा कच्चा आवाज मिळेल. डायमेन्शनमध्ये वर चढवलेला फिल्टर आणि इफेक्ट मिळणार नाहीत, ते तुम्हालाच लावावे लागतील. पेंटागॉन किंवा सोनारबरोबरचाच दुसरा सिंथ पीसिन, यांच्यासाठी माझं म्हणणं असं की तोच सिंथ हवा हा हट्ट सोडा आणि सर्ज एक्सटी घ्या. तोही एके काळी विकत मिळायचा. २०१८ मध्ये त्याच्या कर्त्याने कोड सगळ्यांसाठी खुला केला, त्यामुळे उद्या कोणी कंपनी विकली म्हणून तो गायब होणार नाही.

आणि ज्या दिवशी एखादं जुनं प्रोजेक्ट वाजेल, त्याच दिवशी प्रत्येक सिंथ वेगळा वेव्ह करा. सगळे ट्रॅक पहिल्या मात्रेपासून सुरू करा, रिव्हर्ब काढून एक आणि ठेवून एक. फाइलच्या नावात टेम्पो आणि पट्टी लिहा. मिडी फेकू नका हं, पट्टी बदलायची वेळ आली की तीच लागते. वर मी जरा जोरात बोललो, पण दोन्ही ठेवा.

टीटीएस-१ बद्दल सांगायचं राहिलं. तो डीएक्सआय आहे, व्हीएसटी नव्हे; प्लगिनचे हे दोन वेगळे प्रकार. जुने प्लगिन नव्या प्रोग्रॅममध्ये चालवणारं जेब्रिज वगैरे लावून तो क्युबेसमध्ये चालेल या आशेवर राहू नका, ते ३२ बिटच्या व्हीएसटीसाठी आहे. त्याचे ट्रॅक केकवॉकमध्येच वेव्ह करून बाहेर काढा. पेंटागॉनचा एखादा विशिष्ट पॅच अडला असेल तर त्याचं नाव खाली लिहा, माझ्या वहीत असला तर आकडे देतो.