सलालाहची बदली जुलै बघून ठरवू नका

प्रश्न : आम्ही बरीच वर्षं मस्कतला आहोत. यजमानांना ओमानच्या दक्षिणेकडच्या सलालाह बंदरात चांगली नोकरी मिळते आहे. गेल्या जुलैत आम्ही सगळे तिकडे फिरायला गेलो होतो. धुकं, हिरवे डोंगर, रस्त्याकडेला शहाळी! गुहागरच्या सासूबाई तर म्हणाल्या, इथेच राहू. मुलगा आठवीत आहे. मस्कतचा गोतावळा सोडून जावं का?

उत्तर : ताई, सासूबाईंचं काही चुकलं नाही. कोकणात पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारेच धोफारच्या, म्हणजे सलालाह ज्या प्रांतात आहे त्याच्या, किनाऱ्याला घासून जातात. पण तुम्ही पाहिलात तो 'खरीफ', म्हणजे तिथला धुक्या-पावसाचा हंगाम. तिथे तो २१ जून ते २१ सप्टेंबर असा धरतात. उरलेले नऊ महिने कसे असतात ते बघितल्याशिवाय होकार कळवू नका. शक्यतो मे महिन्यात एक फेरी मारा. तुम्ही फोटो काढलेत ते डोंगर तेव्हा पिवळे-तपकिरी, धुळकट दिसतील. तरीही गाव आवडलं तर खुशाल जा.

त्याला कोकण म्हणताना जरा हात आखडता घ्या. कोकणात ३,००० मिलिमीटर पाऊस सहज पडतो. सलालाहला वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आसपास. मग हिरवळ येते कुठून? वाऱ्यामुळे किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाचं थंड पाणी वर येतं, त्यावरून येणारी दमट हवा गार होते आणि तिचं धुकं डोंगरांना अडतं. झाडं पानांवर ते धुकं धरतात आणि थेंब थेंब खाली सोडतात. त्या जंगलातलं मुख्य झाड आपल्या धावड्याचं सख्खं भावंड आहे. डोंगर ओलांडून उत्तरेला गेलात की तासाभरात वाळवंट, आणि पुढे थेट रुब-अल-खाली हे अफाट वाळूचं रण.

तळाच्या त्याच थंड पाण्याबरोबर माशांचं खाद्यही वर येतं, म्हणून तारलीची रेलचेल. हिवाळ्यात मिरबात-ताका या गावांच्या बाजूला किनाऱ्यावर तारली वाळत घातलेली दिसेल. ती माणसांसाठी कमी, उंटा-गुरांसाठी जास्त. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला, तेव्हाही त्याने गुरांना तारली खाताना पाहिलं होतं. नारळ आणि नागवेलीबद्दलही त्याने लिहून ठेवलंय. सासूबाईंना हे जरूर सांगा. खरीफात मात्र समुद्र खवळलेला असतो, छोट्या होड्या बाहेर पडत नाहीत. पोरांना पाण्यात अजिबात उतरू देऊ नका. मुघसेलच्या समुद्रकड्यावर कठडा असेल तिथेच थांबा.

यजमानांच्या नोकरीची बाजू मला भक्कम वाटते. १९९८ पासून हे बंदर कंटेनर एका जहाजातून दुसऱ्यात चढवण्याचं मोठं ठिकाण झालंय. शेजारी मुक्त व्यापार क्षेत्र, कारखाने. पर्यटन हंगामी, बंदर बारमाही. घर मात्र खरीफ संपल्यावर शोधा. पाहुण्यांच्या गर्दीत भाड्याचे आकडे ऐकून घाम फुटेल.

मुलाचं म्हणाल तर इंडियन स्कूल सलालाहमध्ये सीबीएसई आहे. आठवीतून नववीत जाताना बदल झेपतो, दहावीच्या तोंडावर नको. भारतीयांत मल्याळी मंडळींचा भरणा मोठा. मराठी घरं शोधावी लागतील. मस्कतसारखा गणेशोत्सव लगेच मिळेल अशी आशा धरू नका. पहिल्या वर्षी चार घरांत आरती झाली तरी पुष्कळ.

आता शेजाऱ्यांविषयी. धोफारी माणूस स्वतःला नुसता ओमानी म्हणवत नाही. डोंगरातल्या लोकांची जिब्बाली आणि पश्चिमेकडची मेहरी या अरबीहून वेगळ्या, जुन्या भाषा आहेत. खरीफात डोंगरउतार निसरडे होतात, माश्या वाढतात, म्हणून तिथले लोक उंट सपाटीवर आणतात आणि पाऊस सरला की परत नेतात. त्या दिवसांत रस्त्यावर उंटच मालक. धुक्यात गाडी हळू. मस्कत ते सलालाह हजारएक किलोमीटरचा रस्ता रात्री तर नकोच. याच डोंगरांत १९७५ पर्यंत युद्ध चाललं होतं. घराघरात त्याच्या आठवणी आहेत, त्यामुळे तो विषय आपण होऊन काढू नये. कॉफीला बोलावलं तर जा, फिंजान (छोटा कप) उजव्या हातात घ्या, पुरे झालं की हलकेच हलवून परत द्या. नाहीतर ते ओततच राहतील. बायकांचे फोटो न विचारता काढू नका. पुढून आखूड, मागे जमिनीवर लोळणारा त्यांचा पोशाख बघून मोह होतो खरा!

सलालाहच्या हाफा बाजारात लुबान (धुपासाठी जाळतात तो झाडाचा सुगंधी चीक) घ्याल तेव्हा गडद तपकिरी ढेकळं स्वस्त म्हणून उचलू नका. फिकट, हिरवट झाक असलेला, निर्मळ खडा म्हणजे होजारी, तो उत्तम. लुबानची झाडं धुक्याच्या पट्ट्यात नसतात, डोंगरापलीकडे कोरड्या उतारावर असतात. सालीला चरे पाडायचे, पाझरलेला चीक वाळू द्यायचा, खरवडायचा, मग पुन्हा चरे. वादी दौका इथे ही झाडं बघता येतात, २००० पासून तो जागतिक वारसा आहे.

राहिल्या सासूबाई. गुडघे दुखत असतील तर खरीफातली दमट हवा त्यांना त्रास देईल. कपाटात बुरशी येते, पापड-मसाले मऊ पडतात, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. कोकणातल्या बाईला हे नवीन नाही. पण तिथे चूल होती, माळा होता. इथे फ्लॅट आहे. घर बघताना सज्जा आणि उघडणाऱ्या खिडक्या बघा, आणि यजमानांनी सही करण्याआधी शाळेत नववीची जागा आहे का ते विचारून घ्या.