गाउटवरील वनौषधी : कशाला आधार आहे आणि कशाला नाही

वडिलांचे यूरिक ॲसिड ८.९ आले असताना ॲलोप्युरिनॉल (यूरिक ॲसिड उतरवणारी गोळी) बंद करून काढा सुरू करावा का, असे आपण विचारले आहे. मला स्वतःला गाउट, म्हणजे यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा आजार, बारा वर्षांपासून आहे. पहिल्या वेळी मध्यरात्री उजव्या पायाचा अंगठा असा ठणकू लागला की चादरीचा स्पर्शही सोसवेना. चौथ्या दिवशी काढा सुरू केला, आठव्या दिवशी चप्पल घालता आली, आणि गुण काढ्याचाच आला अशी माझी खात्री झाली. पुढच्या खेपेस मात्र काढा हाताशी नव्हता, तरीही नवव्या दिवशी सूज ओसरली. गाउटचा झटका औषधाविनाही बहुधा एक-दोन आठवड्यांत शमतो; त्यामुळे त्या काळात घेतलेल्या प्रत्येक गोष्टीला श्रेय मिळते.

शिवाय वेदना शमणे आणि यूरिक ॲसिड उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर त्याचे स्फटिक सांध्यात साचू लागतात, म्हणून उपचारात ते ६ च्या खाली ठेवतात. दुखणे थांबले तरी हे साचणे चालूच राहू शकते.

वनस्पतींपैकी सर्वांत भक्कम आधार कोल्चिकम या कंदवर्गीय वनस्पतीला आहे. सहाव्या शतकात ट्रॅलेसच्या अलेक्झांडर या ग्रीक वैद्याने सांधेदुखीसाठी तिचा उल्लेख केला होता, युनानी वैद्यकात तिची एक जात सुरंजान म्हणून वापरतात, आणि १८२० साली पेलेतिए व काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कोल्चिकममधून जो अर्क वेगळा केला, त्यातूनच गाउटच्या झटक्यावरचे आजचे औषध कोल्चिसीन आले. पण ते औषध जितके गुणकारी तितकेच विषारी आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोल्चिसीनच्या तासाभरात दिलेल्या १.८ मिलिग्रॅमचा परिणाम सहा तासांत दिलेल्या ४.८ मिलिग्रॅमइतकाच झाला आणि जुलाब-उलट्या मात्र कितीतरी कमी झाल्या. कच्च्या कंदात किंवा चूर्णात इतके नेमके माप सांभाळता येत नाही, म्हणून सुरंजान घरच्या घरी घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

चेरीबद्दल २०१२ च्या एका अभ्यासात ६३३ रुग्णांमध्ये दोन दिवस चेरी खाल्ल्यास झटक्याची शक्यता ३५ टक्क्यांनी कमी दिसली, पण तो निरीक्षणाचा अभ्यास होता. तिने यूरिक ॲसिड उतरते हे त्यातून ठरत नाही. गुळवेलीचा आयुर्वेदात ‘वातरक्त’ या गाउटशी मिळत्याजुळत्या व्याधीसाठी जुना वापर आहे, मात्र गाउटमध्ये तिच्या मोठ्या, तुलना केलेल्या चाचण्या झालेल्या नाहीत. २०२१ मध्ये तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याचे रुग्णवृत्तान्त प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने ते निष्कर्ष नाकारले. वडिलांना यकृताचा काही त्रास असेल तर मी ती देणार नाही.

लेबल नसलेल्या ज्या चूर्णाने दोन तासांत आराम पडतो, त्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते, कारण अशा औषधांत स्टिरॉइड मिसळल्याचे वारंवार आढळले आहे.

ॲलोप्युरिनॉल स्वतःहून बंद करू नका. काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना दाखवून, गोळीसोबत घ्या आणि आधी क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी) व यकृताच्या तपासण्या करून घ्या. झटका चालू असताना यूरिक ॲसिड फसवे कमी दिसू शकते, तेव्हा ती तपासणी तो शमल्यानंतर दोन आठवड्यांनी करावी.