फ्लेमिंगो एकाच जागी पाय का आपटत राहतात?

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलात पाय का आपटतात, असं तुम्ही विचारलंय. उत्तर आहे खाण्यासाठी. पण त्यामागचं तंत्र विलक्षण आहे.

2025 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्राणिसंग्रहालयातल्या चिली फ्लेमिंगोंचं निरीक्षण केलं, शिवाय डोक्याची आणि पायांची थ्रीडी प्रतिकृती करून पाण्याची हालचाल मोजली. पाय पडला की पडदेदार बोटं पसरतात, तळाचा गाळ उठतो आणि पायांपुढे भोवरे फिरू लागतात. डोकं सेकंदाला सुमारे 40 सेंटीमीटर वेगाने वर खेचलं की पाण्यात छोटं वादळच उभं राहतं. बुडालेली चोच सेकंदाला साधारण 12 वेळा उघडझाप करते. चपळ, निसटून जाणारे जीव या भोवऱ्यांत अडकून चोचीकडे येतात. म्हणजे हा पक्षी पाणी नुसतं गाळत बसत नाही, तो शिकार करतो!

आपल्याकडे बहुसंख्येने येणारा लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) मात्र मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगतो. त्यामुळे तो हे तंत्र तितकंच वापरतो असं मी ठामपणे म्हणणार नाही.

बघायचं असेल तर ओहोटीला जा, दुर्बीण पायांवर रोखा. भरतीत चिखल बुडाला की थवे नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळीत विसावतात. म्हणूनच खाडी राखीव केली, पण हे तलाव बुजवले, तर चालणार नाही.