केकचे पैसे मागताना जीभ अडखळते तेव्हा

“आवडीचं काम धंद्यात घातलं की त्यातली मजा जाते का हो मॅडम?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका लॉकडाऊननंतर वाढल्या. तेव्हा बऱ्याच जणी मोबाइलवर बघून केक शिकल्या, शेजारपाजारच्या वाढदिवसांना करून देऊ लागल्या आणि आता अडकल्यात. धंदा म्हणावा तर पैसा दिसत नाही आणि हौस म्हणावी तर दम निघतो.

परभणीच्या एका ताईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. वय चाळिशीच्या आत, नवऱ्याचं मोंढ्यात बी-बियाण्यांचं दुकान, दोन मुलं, घरात सासूबाई. तक्रार अशी की झोप लागत नाही, मुलांवर उगाच ओरडणं होतं, ऑर्डरचा फोन वाजला की छातीत धडधड. स्वतःचं निदान त्या करूनच आल्या होत्या. “माझ्यात कॉन्फिडन्सच नाही. संभाजीनगरला ॲडव्हान्स कोर्स आहे, तो केला की जमेल बघा.” याआधीचे दोन कोर्स झालेलेच होते.

मोबाइलमधले केक त्यांनी दाखवले. काम सफाईदार होतं, त्याला आणखी कोर्सची गरज नव्हती. मी म्हटलं, पुढच्या वेळी हिशेबाची वही आणा.

वही आली ती मुलाच्या जुन्या गृहपाठाची, मागच्या पानांवर लिहिलेली. तारीख, नाव, केक. ‘भाऊजी, मँगो, १ किलो’. ‘शेजारच्या काकू, चॉकलेट, अर्धा’. रकमेच्या जागी बऱ्याच ओळींत ‘नंतर’ लिहिलेलं आणि काही ठिकाणी काहीच नाही. मी विचारलं, नंतर म्हणजे कधी? त्या हसल्या, मग डोळ्यांत पाणी आलं. “सगळी आपलीच माणसं. घरच्या केकचे पैसे मागावं तरी कसं?”

तिथेच बसून आम्ही अर्ध्या किलोच्या एगलेस चॉकलेट केकचा हिशेब मांडला. प्रीमिक्स, क्रीम, कंपाउंड चॉकलेट, डबा, बोर्ड, लाइट धरून साधारण १७० रुपये. विकायच्या २५० ला. उरले ८०, तेही समोरच्याने दिले तर. वेळ तीन तास, आणि केक पोचवायला नवऱ्याच्या गाडीचं पेट्रोल कधी धरलंच नव्हतं. सोयाबीन काढायला जाणाऱ्या बाईलाही यापेक्षा बरा रोज पडतो. ताई बराच वेळ आकड्याकडे बघत राहिल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मजा जाते, नाही असं नाही. पण या ताईंना फेटायचा, भाजायचा कंटाळा आलेला नव्हता. राबून वर आपणच ओशाळं व्हायचं, याचा कंटाळा आला होता. अशा वेळी बाई आणखी एक कोर्स शोधते, कारण शिकण्यात कुणाकडे काही मागावं लागत नाही. उलट फी भरून यायची.

आम्ही सराव केला तो एवढाच. मी ग्राहक, त्यांनी भाव सांगायचा. “साडेतीनशे” म्हणून झालं की लगेच पुढे यायचं, “पण तुम्ही काय, द्या कितीही.” हे शेपूट तोडायचं होतं. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. वाचायला सोपं वाटतं, पण त्या दोन-तीन सेकंदांत त्यांना घाम फुटायचा. फोनवर मात्र लवकर जमलं.

घरात कोण आडवं येणार, याचा त्यांनी धरलेला अंदाज साफ चुकला. सासूबाईंची भीती होती. त्याच म्हणाल्या, “दिवाळीला आम्ही पीठ, तूप, साखर घेऊन नानखटाईला भट्टीवर जायचो. नंबर लागेस्तोवर रात्र व्हायची. भट्टीवाल्याला मजुरी देताना कधी का-कू केलं नाही. मग तुझीच मजुरी का सोडायची?” मग दोघींनी बसून एक यादी केली, मानाची. वर्षातून कुणाच्या घरी केक फुकट द्यायचा, ती मोजकी नावं. बाकी सगळ्यांना भाव एकच, निम्मे पैसे ऑर्डर देतानाच. मला हा तोडगा माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा आवडला. नाती राहतात आणि दर वेळी नव्याने जीव टांगणीला लागत नाही.

नवरा उत्साही निघाला, जरा जास्तच. त्यांना एकदम मोठी भट्टी घ्यायची होती. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान मिळतं, हे त्यांनी काढून आणलं होतं. माहिती बरोबर होती. पण ते अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, रोख हातात येत नाही, आणि हप्ता आपल्यालाच भरावा लागतो. ज्या घरात उधारी वसूल होत नाही तिथे हप्त्याचं दडपण आणू नये, या मताची मी आहे. आधी सहा महिने वही नीट लिहा, मग बँकेची पायरी चढा. भाऊंना ते फारसं पटलं नाही.

अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र लगेच करा म्हटलं. घरून विकणाऱ्यालाही ती लागते, अर्ज ऑनलाइन होतो आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तो क्रमांक डब्यावर आला आणि ताईंचा भाव सांगतानाचा आवाजच बदलला. कागदाचा असाही उपयोग होतो.

मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, त्यात लाइट गेली की क्रीमचा केक गळायला लागतो. तेव्हा क्रीमच्या ऑर्डरी बंद आणि सुका केक नि ज्वारीची बिस्किटं चालू, असं त्यांनी ठरवलं. बिस्किटं नीट खुसखुशीत होईनात, म्हणून कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात जाऊन विचारायचं धाडसही केलं. दिवाळीत नानखटाईच्या ऑर्डरी इतक्या आल्या की सासूबाई स्वतः मळायला बसल्या. रविवारी ऑर्डर घेत नाहीत. त्या दिवशी मुलांसाठी पाव करतात, विकायचा नाही म्हणून.

भाव वाढवल्यावर काही गिऱ्हाइकं तुटली. त्याचं ताईंना फार वाटलं नाही. नणंद मात्र मानाच्या यादीत मुलाचा एकच वाढदिवस धरला म्हणून रुसली आहे, राखीलाही आली नाही. झोप आता बरी लागते, पण त्या रुसव्याचा विषय निघाला की घसा अजून दाटतो. सध्या आम्ही त्यावरच बोलतोय.