‘जिलोत’, ‘कनानी’ आणि ‘सिकारी’

विचारणा अशी आहे: येशूच्या बारा शिष्यांपैकी एका शिमोनाला मराठी बायबलमध्ये मत्तय आणि मार्क ‘कनानी’ म्हणतात, लूक मात्र ‘जिलोत’ म्हणतो. हे दोन शिमोन की एकच? जिलोत म्हणजे रोमनांशी लढलेले ‘झेलट’ का? त्यांना मराठीत काय म्हणावं? आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतच्या नावात ‘सिकारी’ (त्या काळचे यहुदी कट्यारवाले मारेकरी) आहे का?

शिमोन एकच. दोन्ही विशेषणंही एकाच अर्थाची आहेत, फक्त ‘कनानी’ हे अरामी शब्दाचं ग्रीक वळणाने आलेलं रूप आहे आणि ‘जिलोत’ हा त्याच शब्दाचा ग्रीक अनुवाद. घोटाळा देवनागरीत होतो. मत्तयाच्याच १५व्या अध्यायात मुलीसाठी गयावया करणारी ‘कनानी बाई’ येते. ती खरोखर कनान देशाची. ग्रीक मजकुरात तिच्या शब्दाची सुरुवात ‘ख’ने होते आणि शिमोनाच्या शब्दाची ‘क’ने. हिब्रूत तर दोन्हींची मूळ अक्षरंच वेगळी आहेत. मराठीत दोन्ही ‘कनानी’ झाल्यामुळे शिमोन कनान देशाचा होता असं वाचकाला वाटतं, काहींना तो काना गावचा वाटतो. तो यांपैकी कुठलाच नाही.

मुळाशी हिब्रू धातू आहे क-न-अ. त्यावरून नाम ‘किन्आ’ आणि असा माणूस तो ‘कन्नाई’, अनेकवचन ‘कन्नाईम’. किन्आ म्हणजे मत्सर, आणि किन्आ म्हणजेच आपल्या माणसावर, आपल्या धर्मावर दुसऱ्या कोणाचा हक्क सहन न होणं. दहा आज्ञांमध्ये परमेश्वर स्वतःला याच धातूचं विशेषण लावतो आणि मराठी भाषांतरात तिथे ‘ईर्ष्यावान’ शब्द आहे. पुष्कळांना तो खटकतो, देव कसला हेवा करणार असं वाटतं. मला मात्र ही निवड फार नेमकी वाटते. मराठीतली ‘ईर्षा’ केवळ हेव्यावर थांबत नाही. ‘ईर्षेला पेटला’, ‘ईर्षेने कामाला लागला’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात चीड असते, जिद्द असते, मागे न हटण्याचा पण असतो. किन्आचे हे दोन्ही पदर एका शब्दात सांभाळणं प्रत्येक भाषेला जमत नाही. इंग्रजीने एकाच ग्रीक ‘झेलोस’पासून दोन शब्द केले, एक उत्साहासाठी आणि एक मत्सरासाठी.

या ईर्षेला यहुदी परंपरेत एक ठरलेला चेहरा आहे, तो पीनहासचा. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात तो जिम्री नावाच्या इस्राएली सरदाराला आणि त्याच्याबरोबरच्या मिद्यानी स्त्रीला एकाच भाल्याने भोसकतो, आणि देव त्याच्या ईर्षेची वाखाणणी करतो. पुढे इ.स.पू. १६७च्या सुमारास मोदीन गावात ग्रीक राजाच्या हुकमाने यज्ञ करायला पुढे आलेल्या यहुद्याला मत्तथ्या नावाचा म्हातारा पुरोहित वेदीवरच ठार मारतो. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकाने त्याची तुलना थेट पीनहासशी केली आहे. म्हणजे रोमन यायच्या कितीतरी आधीपासून ‘कन्नाई’ या शब्दाला शस्त्राची धार होती, आणि ती आधी स्वकीयांवर चालली होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढच्या साऱ्या कथेत ते पुन्हा पुन्हा येतं.

आता झेलट. रोमविरुद्ध लढलेले सगळे यहुदी म्हणजे झेलट, हा प्रघात लोकप्रिय लेखनात इतका रुजला आहे की त्याला हात लावायला संकोच वाटावा. पण आपल्याला ही हकीकत ज्याच्याकडून कळते त्या जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकाराचा ग्रीक मजकूर तसं म्हणत नाही. इ.स. ६ मध्ये रोमन सुभेदार क्विरिनियसने करासाठी खानेसुमारी केली, तेव्हा गालीलकर यहूदाने सादोक नावाच्या परुश्याला (धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाला) घेऊन उठाव केला. ‘देवाशिवाय आम्हाला धनी नाही’ ही त्यांची शिकवण. जोसेफस तिला यहुद्यांचं ‘चौथं तत्त्वज्ञान’ म्हणतो, झेलट म्हणत नाही. पक्ष म्हणून झेलट हे नाव तो वापरतो ते इ.स. ६६ मध्ये रोमविरुद्ध युद्ध पेटल्यानंतर, इ.स. ६७-६८च्या हिवाळ्यात यरुशलेमच्या मंदिराचा आतला भाग ताब्यात घेऊन बसलेल्या गटाला. त्यांचा पुढारी एलाजार बेन शिमोन. त्यांनी पिढीजात घराणी बाजूला सारून चिठ्ठ्या टाकून महायाजक निवडला. चिठ्ठी एका खेडुताच्या नावाची निघाली. जोसेफसने त्याची अडाणी म्हणून हेटाळणी केली आहे, रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, परंपरेत तो दगड फोडणारा आहे. इ.स. ७० मध्ये मंदिर पडण्यापूर्वीचा हा शेवटचा महायाजक, आणि त्याचं नाव पीनहास! झेलटांना हा देवाचाच कौल वाटला असेल, असं मला नेहमी वाटतं.

हे नाव त्यांनी स्वतः घेतलं होतं, हेही जोसेफसच सांगतो, आणि ते चांगल्या कामांच्या ईर्षेचं नाव यांनी वाईट कामांना लावलं, असा संताप व्यक्त करतो. हा लेखक कोण, हेही पाहायला हवं. तो आधी गालीलात बंडखोरांचा सेनापती होता, ६७ मध्ये तिथल्याच योदफात गावी रोमनांना शरण गेला, आणि नंतर रोममध्ये सम्राट वेस्पासियन आणि त्याचा मुलगा टायटस यांच्या आश्रयाने त्याने इतिहास लिहिला. बंडखोरांसाठी त्याचा आवडता शब्द ‘लेस्ताई’, म्हणजे लुटारू. शुभवर्तमानांतही हाच शब्द आहे. येशूच्या दोन्ही बाजूंना वधस्तंभावर दिलेले दोघे आणि योहानाच्या मते बरब्बा, हे सगळे ‘लेस्ताई’. मराठीत तिथे ‘लुटारू’ आहे आणि भाषांतर म्हणून ते बरोबर आहे. पण साध्या चोरीला रोमन सहसा क्रूस देत नसत. ‘लुटारू’ वाचताना राज्याविरुद्ध हत्यार उचललेला माणूसही डोळ्यांसमोर आणावा.

सिकारी हे आणखी वेगळे. हा शब्द लॅटिन आहे, ‘सिका’ म्हणजे वाकड्या पात्याची आखूड कट्यार, त्यावरून ‘सिकारियुस’ म्हणजे मारेकरी. आपल्या ‘शिकारी’शी त्याचा काही संबंध नाही, तो शब्द फारसीतून आला. रोमन कायद्यात ‘सिकारियुस’ आधीपासून होता, रोमचा हुकूमशहा सुल्ला याने इ.स.पू. ८१ मध्ये अशा खुन्यांसाठी कायदाच केला होता. म्हणजे हे शत्रूने दिलेलं नाव. इ.स. ५०च्या दशकात, फेलिक्स सुभेदार असताना, हे लोक सणाच्या गर्दीत अंगरख्याखाली कट्यार लपवून शिरत, वार करत आणि मग गर्दीबरोबर स्वतःही आरडाओरडा करत. त्यांच्या हातून पडलेला पहिला मोठा माणूस रोमन नव्हता, माजी महायाजक योनाथान होता. मृत समुद्राजवळच्या मसाद्याच्या गडावर अखेरपर्यंत राहिले ते हेच. त्यांचा नायक एलाजार बेन याईर हा गालीलकर यहूदाच्या घराण्यातला. इ.स. ७३ किंवा ७४ मध्ये रोमन सेनापती फ्लेवियस सिल्व्हाच्या सैन्याने चढणीचा बांध घालून तट फोडला, तेव्हा आत ९६० जणांनी मरण पत्करलं होतं आणि दोन बायका व पाच मुलं तेवढी वाचली, असं जोसेफस सांगतो. ‘मसाद्याचे झेलट’ हा शब्दप्रयोग जगभर चालतो, तरी तो जोसेफसचा नाही. आपल्या ‘यहुदी युद्ध’ या ग्रंथाच्या सातव्या खंडात तो पाच गट वेगवेगळे मोजतो: सिकारी, गिस्खालाच्या योहानाचे लोक, शिमोन बार गियोराचे लोक, इदोमी आणि झेलट. वेढा पडायच्या आधी यरुशलेममध्ये यांतलेच गट एकमेकांवर तुटून पडले होते आणि त्यात धान्याची कोठारं जळाली. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातल्या रब्बींनी कोठारं जाळणाऱ्यांना ‘बिर्योनीम’, म्हणजे दांडगे गुंड, म्हटलं आहे. त्या शब्दात दुःख आहे, कारण जाळणारे त्यांचेच होते.

मग लढणारे स्वतःविषयी काय म्हणत? याचं उत्तर बंडखोरांनी पाडलेल्या नाण्यांवर आहे, आणि या सगळ्या चर्चेत मला सर्वांत मोलाचा पुरावा तोच वाटतो, कारण तिथे मध्ये कोणी जोसेफस नाही. चांदीच्या नाण्यांवर जुन्या हिब्रू लिपीत ‘इस्राएलचा शेकेल’ आणि ‘पवित्र यरुशलेम’. उठावाच्या दुसऱ्या वर्षाच्या तांब्याच्या नाण्यांवर ‘हेरूत सियोन’, सियोनचं, म्हणजे यरुशलेमचं, स्वातंत्र्य. चौथ्या वर्षी, वेढा अंगावर येत असताना, शब्द बदलतो आणि ‘गऊलत सियोन’, सियोनची मुक्ती, असा होतो. गऊला म्हणजे सोडवणूक, देवाच्या हातून होणारी. साठ वर्षांनी रोमविरुद्ध झालेल्या बार कोखबाच्या उठावात (१३२ ते १३५) दोन्ही शब्द पुन्हा नाण्यांवर येतात. ‘कन्नाईम’ कुठल्याच नाण्यावर नाही.

म्हणून माझं मत असं. ‘झेलट’ हे विशेषनाम तसंच ठेवावं आणि मंदिरातल्या त्या गटापुरतंच वापरावं. ‘धर्मांध’ लिहिलं की निकाल आधीच लागतो, ‘राष्ट्रवादी’ लिहिलं की एकोणिसाव्या शतकातली कल्पना पहिल्या शतकात जाते. सगळ्यांसाठी मिळून ‘बंडखोर’ किंवा ‘उठाव करणारे’ पुरे. सिकारींसाठी ‘कट्यारवाले’ चालेल. शिमोनाच्या बाबतीत मात्र पक्षाचा विचार सोडून द्यावा. तो पक्ष तीसेक वर्षांनंतरचा. प्रेषित पौलही स्वतःला पूर्वजांच्या परंपरांचा ‘झेलोतेस’ (जिलोत याच शब्दाचं ग्रीक रूप) म्हणवतो आणि त्यात कट्यार कुठेच नाही. ‘ईर्षावान शिमोन’ किंवा ‘आवेशी शिमोन’ म्हटलं की कनानचा घोटाळाही मिटतो.

इस्कर्योतचं मूळ सिकारियुसमध्ये शोधणारा तर्क आहे, पण सिकारींचं नाव ऐकू येतं ते त्या यहूदाच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी. ‘ईश करियोत’, म्हणजे करियोत गावचा माणूस, ही व्युत्पत्ती त्याहून सरळ आहे. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्या बापालाही, शिमोनाला, इस्कर्योत म्हटलेलं आहे. बापलेकांचं नाव एकच असेल, तर ते गावावरून पडलेलं असण्याचीच शक्यता जास्त.