फाटक किती वाजता बंद होतं, एवढंच विचारू नका

प्रश्न : ताई, माझी लेक बारावी सायन्सला ७८ टक्के मिळवून पास झाली. तिला बीएस्सी करायचंय, मायक्रोबायोलॉजी घेऊन. आम्ही आटपाडी तालुक्यातले. तिचे वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला तामिळनाडूत असतात, वर्षातनं दोनदा येतात. अडीच एकर डाळिंब आहे, ते मी आणि सासूबाई बघतो. म्हणजे ठरवायचं मलाच आहे. मोठे दीर म्हणतात, तालुक्याच्या गावातच घाला, पोरीची जात, रोज डोळ्यांसमोर राहील. नणंद पुण्यात असते, ती म्हणते माझ्याकडे पाठव. लेक म्हणते सांगलीच. तिथं हॉस्टेल आहे, कॉलेजचं नाटक बसतं, युवा महोत्सव असतो. शाळेत एकदा एकांकिकेत काम केलं, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. मला तीन काळज्या आहेत. पोर सुरक्षित राहील का, खर्च झेपेल का, आणि नाटक-गॅदरिंगच्या नादात अभ्यास बुडेल का. मुलींना आता फी माफ आहे म्हणतात, ते खरं का? नाहीतर डोरलं मोडायची माझी तयारी आहे.
— एक आई, आटपाडी तालुका

उत्तर : डोरलं मोडू नका. आधी एवढं सांगते, मग बाकीचं.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्र काढून दिलं, तेव्हा त्या पोरांना दुसरा आधार नव्हता. तुमच्या लेकीला आज आधार आहे, फक्त तो कागद जमवून वेळेत मागावा लागतो. त्याचं पुढं सांगते.

मी सांगलीत मुलींच्या एका वसतिगृहात १९ वर्षं रेक्टर होते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर, माण-खटाव, सगळीकडच्या मुली माझ्या हाताखालून गेल्या. त्यांना सोडायला आलेल्या आयांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "फाटक किती वाजता बंद होतं?" सात म्हटलं की चेहरा उजळायचा. मलाही तेव्हा वाटायचं, फाटक बंद म्हणजे माझी जबाबदारी पूर्ण. ते किती चूक होतं, हे मला एका मुलीनं शिकवलं.

माझं तिसरं वर्ष असेल. दुसऱ्या वर्षाला असलेली जतकडची एक मुलगी कॉलेजच्या नाटकात होती. युवा महोत्सव तोंडावर आलेला, तालमी साडेआठपर्यंत चालायच्या. ती परवानगी मागायला आली. मी नाही म्हटलं, नियम म्हणजे नियम. शनिवारी तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं, "मावशीकडे, मिरज", आणि पुढं फोन नंबर. हिरव्या शाईत, अगदी सुबक अक्षरात. ती ओळ मला आजही जशीच्या तशी दिसते. रात्री साडेनऊला पाऊस कोसळत असताना तिच्या वडिलांचा फोन आला, आजी अत्यवस्थ आहे, पोरीला द्या. मी "मावशी"ला फोन लावला, तर तो निघाला तिच्या मैत्रिणीचा. ती बिचारी आधी गडबडली आणि मग रडायलाच लागली. तालीम संपून तास झाला होता, मुलगी कुठं आहे हे तिलाही माहीत नव्हतं. मी आणि वॉचमन छत्री घेऊन फाटकाबाहेर उभे, आणि उजवीकडे जायचं की डावीकडे हेही ठरत नव्हतं. पन्नास मिनिटांनी ती आणि आणखी दोघीजणी ओल्याचिंब येताना दिसल्या. रिक्षा मिळाली नाही म्हणून बंद चहाच्या टपरीच्या आडोशाला थांबल्या होत्या.

मुलीला काही झालं नाही. पण त्या पन्नास मिनिटांत फाटकाला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला होती, आणि माझी पोर कुठं आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला खोटं लिहायला मी भाग पाडलं होतं.

सोमवारी मी नाटक बसवणाऱ्या सरांकडे गेले. ठरवलं की तालमीला कोण कोण थांबणार, ती यादी दुपारी बारापर्यंत माझ्याकडे यायची. ओळखीचे दोन रिक्षावाले लावून दिले, मुली एकत्रच निघणार. स्वयंपाकाच्या मावशी त्यांच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. त्यानंतर तालमीच्या मुलींपैकी कुणाची "मावशी" मिरजेत राहिली नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या काळजीबद्दल आधी बोलते. नाटक, गॅदरिंग, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) याला तुम्ही सुरक्षिततेच्या विरुद्ध बाजूला ठेवलंय. माझा अनुभव उलटा आहे. ज्या मुलीला चार माणसं नावानं ओळखतात, तीच जास्त सुरक्षित असते. खोलीभाडं वाचावं म्हणून एक मुलगी आमचं वसतिगृह सोडून कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती एक कॉट भाड्यानं घेऊन राहायला गेली. कशात नाही, कुणाशी बोलणं नाही, कॉलेज आणि खोली. तापानं फणफणली तर चार दिवस कुणाला पत्ता नाही. कळलं कुणाला, तर डबा देणाऱ्या काकूंना, सलग दोन वेळा डबा तसाच परत आला म्हणून. त्यांनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नाटकाच्या ग्रुपमधली मुलगी एका तालमीला आली नाही, तर अर्ध्या तासात दारावर थाप पडते.

अभ्यास बुडतो का? काहींचा बुडतो, नाकारत नाही. पण ७५ टक्के हजेरीची अट असते, आणि बीएस्सीची प्रॅक्टिकल्स कुणाला सोडत नाहीत. एनएसएसचं म्हणाल तर दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक शिबिर, एवढंच काम असतं. तिनं पहिल्या वर्षी एकच गोष्ट निवडावी, नाटक तर नाटक. आणि त्याला "नाद" म्हणू नका हो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं सीतास्वयंवर केलं त्या गावात पोर नाटकासाठी जाऊ म्हणतेय. ती योग्य ठिकाणीच निघालीय.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. रविवारी जाऊ नका, रविवारी सगळी कॉलेजं शांत आणि स्वच्छ दिसतात. कामाच्या दिवशी जा आणि संध्याकाळी साडेपाच ते सात फाटकाजवळ थांबा. प्रॅक्टिकल सुटल्यावर मुली कशा बाहेर पडतात बघा: घोळक्यानं, हसत, की एकेकटी मान खाली घालून. कॉलेज ते वसतिगृह हा रस्ता दोघींनी अंधार पडल्यावर चालून बघा. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का. विश्रामबागचा हमरस्ता रात्रीपर्यंत वाहता असतो; आतल्या गल्ल्या वेगळ्या.

आत गेल्यावर प्राचार्यांना भेटा, पण खरा प्रश्न जिन्यात भेटलेल्या मुलीला विचारा: "बाळ, कुणी त्रास दिला तर तू कुणाकडे जाशील?" तिनं पटकन एखाद्या मॅडमचं नाव घेतलं तर समजा तिथं कुणीतरी जागं आहे. ती विचारात पडली तर भिंतीवर कितीही कॅमेरे असोत, मला ते कॉलेज नको. २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तिच्यातल्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर आहेत का आणि चालू वर्षाची आहेत का, तेही बघा. मी बदली होऊन गेलेल्या बाईंचं नाव तीन वर्षं तसंच लागलेलं पाहिलंय. रॅगिंगबद्दलचं हमीपत्र मुलीकडून आणि तुमच्याकडून भरून घेतात. सही करण्याआधी वाचा, आणि त्याची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ तिच्या मोबाइलमध्ये घालून द्या. ११२ तर हवाच.

रेक्टरबाईंना एवढंच विचारा: "युवा महोत्सवाच्या तालमी असतात तेव्हा मुली परत कशा येतात?" ज्या बाईकडे याचं उत्तर तयार असेल, तिच्याकडे लेक सोपवायला हरकत नाही. "आम्ही मुलींना असल्या गोष्टींना सोडतच नाही" असं त्या अभिमानानं म्हणाल्या, तर माझं हिरव्या शाईचं रजिस्टर आठवा.

आणखी एक, जे सांगलीबाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. वसतिगृह मिळालं नाही आणि खोली घ्यायची वेळ आली, तर मालकाला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागात, मारुती चौकात घरं बुडाली. २०२१ ला पुन्हा तेच. भिंतीवरची खूण मालक स्वतः दाखवतो. स्वस्त खोली तळमजल्यावर का मिळतेय, याचं उत्तर कधीकधी त्या खुणेत असतं.

खर्चाचं. मुलींच्या फीमाफीचा जुलै २०२४ चा शासननिर्णय खरा आहे, पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे: इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. साधी बीएस्सी त्यात धरू नका. घाबरूही नका. विचारायचं ते असं: "ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित?" एकाच कॉलेजात, एकाच जिन्यावर, दोन्हींच्या फीमध्ये मोठी तफावत असते. अर्ज भरताना अनुदानित तुकडी आधी मागा. शिष्यवृत्त्यांचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. तुमचं अडीच एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. तिच्या अभ्यासक्रमाला ती लागते का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा. उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारक दाखला, डोमिसाईल ही कामं तहसीलला आत्ताच टाका. आणि तिचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का बघा. माझ्या कितीतरी मुलींचे पैसे फक्त तेवढ्यासाठी अडकले. काही कॉलेजांत कमवा आणि शिका योजना असते, ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत रोज थोडे तास. तिला लाज वाटू देऊ नका त्याची.

एक कोरा कागद घ्या आणि लेकीलाच हिशेब लिहायला लावा. वसतिगृहाची फी आणि डिपॉझिट, डिपॉझिट परत कधी मिळतं, मेस महिन्याला किती, गावी आली तर खाडे धरतात का, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा काय खायचं. एप्रन, जर्नल, झेरॉक्स, सहल. गावी ये-जा, एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ती मदत मोठी. तीन वर्षांचं मांडा, ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला थांबली तर चार.

तोच हिशेब तालुक्याच्या कॉलेजचाही मांडा, कारण दिरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. घरचं जेवण, एसटीचा सवलतीचा पास, खर्च खूपच कमी. पण आधी चौकशी करा, तिथं मायक्रोबायोलॉजी तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का? पुष्कळ ठिकाणी हा विषय पहिली दोन वर्षंच असतो, मग ऐनवेळी कॉलेज बदला. शिवाय या विषयात आज प्लेटवर जंतू लावले की उद्या येऊन वाढ बघावी लागते, प्रॅक्टिकल कधी साडेपाचपर्यंत जातं. शेवटची गाडी किती वाजता आहे? रोज तिन्हीसांजेला फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत एकटीनं चालणं, हेही सुरक्षिततेच्याच खात्यात लिहायचं असतं. ते घराजवळ आहे म्हणून आपल्याला दिसत नाही.

नणंदेचं मन मोठं आहे, पण आठ दिवसांची भाची आणि तीन वर्षांची भाची यात फरक पडतो. घरकामात हात लावणं ओघानं येतं, आणि काही खुपलं तर पोर नातं बिघडेल म्हणून बोलत नाही. पुणे पुढं एमएस्सीला आहेच.

माझं मत विचाराल तर सांगली. पण कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात जागा मिळाली असं नसतं. तो अर्ज वेगळा, त्याची यादी वेगळी. वसतिगृहाची जागा लेखी हातात येईपर्यंत तालुक्याचा अर्जही भरून ठेवा. जाल तेव्हा लेकीला सोबत न्या. विट्याला गाडी बदलताना तिला सांगा की आज प्रश्न तू विचारायचेस, मी नुसती ऐकणार. आणि तिच्या वडिलांना रात्री फोन कराल तेव्हा दिरांचं, नणंदेचं, माझंही मत बाजूला ठेवून तिच्या अक्षरातला तो हिशेबाचा कागद तिलाच वाचून दाखवू द्या.