लेकीचं मन कॉन्टॅक्टरमध्ये रमलंय, रमू द्या

नमस्कार,

खानापूर तालुक्यातून तुमचं पत्र आलं. मुलगी बेळगावला इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या हाय-व्होल्टेज डीसी कॉन्टॅक्टरवर, म्हणजे बॅटरीचा मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर, प्रोजेक्ट करायचं म्हणते. ओळखीच्या एकांनी मात्र डिप्लोमा सोडून तीन महिन्यांचा ईव्ही कोर्स सुचवलाय. "एका रिलेवर पोट भरतं का?" असं तुम्ही विचारलंय.

डिप्लोमा अजिबात सोडू नका. प्रोजेक्ट तिला हाच करू द्या.

शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्येही कॉन्टॅक्टर असतो. पण तो एसीवरचा. 50 हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून पॉइंट (एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे) सुटताना पडलेला आर्क, म्हणजे ठिणगीचा जाळ, लवकर विझतो. गाडीच्या बॅटरीचा डीसी प्रवाह असा आपणहून शून्यावर येत नाही. 400 व्होल्टला, काही गाड्यांत 800 ला, पॉइंट उघडले तरी आर्क जळत राहू शकतो. त्यासाठी शेजारी चुंबक लावून आर्क ताणून तोडतात, आणि पुष्कळ कॉन्टॅक्टरांत पॉइंट हायड्रोजन किंवा नायट्रोजन भरलेल्या बंद कप्प्यात असतात. अपघातात बॅटरी बाकीच्या गाडीपासून तोडायची ती याच भागाने. धातू, चुंबक, सिरॅमिक, कॉइल, सगळ्याचा अभ्यास त्या एका डबीत आहे. त्याला नुसता रिले म्हणू नका.

प्रोजेक्टला तिने पॉइंट चिकटण्याचा प्रश्न घ्यावा. इन्व्हर्टरमधले (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणाऱ्या भागातले) वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे असताना मुख्य कॉन्टॅक्टर थेट लागला, तर क्षणभर इतका करंट धावतो की पॉइंट वेल्ड होऊन बसतात. मग बंद करायला गेलं तरी सुटत नाहीत. म्हणून आधी करंट आवरणाऱ्या प्रीचार्ज रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून घेतात. 400 व्होल्ट, 40 ओहम आणि 1000 मायक्रोफॅरड धरले, तर सुरुवातीचा करंट 10 अँपिअर आणि साधारण 120 मिलिसेकंदांत कपॅसिटर 95 टक्के भरतो. हे गणित तिने स्वतः कागदावर सोडवावं, मग 24 व्होल्टच्या मांडणीवर करून बघावं. गाडीच्या खऱ्या बॅटरी पॅकला मात्र हात लावायचा नाही. यात मला तडजोड मान्य नाही.

मराठी माध्यमातून आलेली असेल तर इंग्रजी डेटाशीटची (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकाची) भीती वाटेल. एकच घ्यावी आणि पुरती वाचावी. काही कॉन्टॅक्टरांना प्रवाहाची दिशा ठरलेली असते, उलटा प्रवाह तोडताना त्यांची ताकद घटते. ब्रेक लावताना बॅटरीत करंट उलटा येतो, तेव्हा काय होईल? मुलाखतीत असंच विचारतात.

सुट्टीत बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्यात काम शिकता आलं तर उत्तम. पुढे डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची कर्नाटकातली प्रवेश परीक्षा) देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. धारवाडला बस बांधणी आहे, पुणे आणि बेंगळुरू एकाच महामार्गावर आहेत. कन्नड बोलता येत असेल तर तेही सोडू नये.

तो छोटा कोर्स डिप्लोमानंतरही करता येईल. फी भरण्याआधी तिथे जाऊन बघा, हाय-व्होल्टेजचे हातमोजे आणि इन्सुलेशन टेस्टर मुलांच्या हातात देतात की नुसते स्लाइडवर दाखवतात.